झोपेतली साक्ष

आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, तरी अजून ते गावात कुणाच्या ना कुणाच्या स्वप्नात येतात. फक्त माझ्या येत नाहीत.

थट्टा करत नाही. माझी पिठाची गिरणी आहे, बाजारपेठेच्या तोंडाशी. बायका ज्वारीचा डबा ठेवतात आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगतात, "सारिकावहिनी, पहाटे हणमंतभाऊ आलते स्वप्नात! पाणी सोडलं बघा. अंगणातनं नुसता ओढा वाहत होता!" मी म्हणते, "बरं झालं. भरून ठेवलंस का?" ती हसते, मीही हसते. मग मी फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत बसते. डोळ्यांना काय झालं असं कुणी विचारलंच, तर पीठ गेलं म्हणून सांगता येतं.

हणमंत चौगुले म्हणजे नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. आमचं गाव माणदेशातलं. इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघतो. मध्यंतरी पालिकेनं फोनवरून उघडणारे वॉल्व्ह बसवले होते. मोठा समारंभ केला, पेढे वाटले. आमच्या पाण्यातला क्षार त्या वॉल्व्हना मानवला नाही, दोन उन्हाळ्यांत सगळे गंजून ठप्प. मग वॉल्व्ह हातानं फिरवायची ती छातीएवढी लोखंडी चावी पुन्हा ह्यांच्या खांद्यावर आली. पहाटेच उठायचे. मी चहा टाकायला उठले की म्हणायचे, "तू झोप गं. पाणी मी सोडतोय, झोपमोड तुझी कशाला?" मी कधी ऐकलं नाही. चहा पिऊन, चावी खांद्यावर टाकून ते गल्लीच्या टोकाला दिसेनासे व्हायचे, आणि थोड्या वेळानं नळातून आधी हवा यायची, फुर्रर्र. मग पाणी. तो आवाज म्हणजे आमच्या संसाराचा आवाज होता, असं मला आता वाटतं. तेव्हा नुसती घागर भरायची घाई असायची.

उत्तम निकमच्या घरी लग्न होतं. मांडव घातलेला, पाहुणे उतरलेले, आणि त्यांच्या गल्लीची पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी. हे म्हणाले, "टँकर सांगतो तुला, पण पाळी मोडणार नाही. आज वरच्या आळीची पाळी, तिथे दवाखाना आहे." उत्तमनं ह्यांच्याच हातातली चावी हिसकावली आणि ह्यांच्याच डोक्यात घातली. एकदा नाही, तीनदा. पहिला घाव रागाचा, असं त्याचा वकील सांगतो. असेल बाबा, रागाचा असेल. मग दुसरा कशाचा? तिसरा कशाचा? त्याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

उत्तम दोषी ठरला. त्यात वादच नव्हता, लग्नघरातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं. प्रश्न राहिला शिक्षेचा, फाशी की जन्मठेप. आणि तिथे तो नवा कायदा आला.

तुम्ही टीव्हीवर ऐकलंच असेल, तेव्हा सगळीकडे तीच भांडणं चाललेली. एक बाजू म्हणायची, न्यायाधीशानं भावना दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवाव्यात. दुसरी म्हणायची, ज्याला काही वाटतच नाही तो गुन्ह्याचं वजन काय कपाळ करणार? दोन्हीकडची माणसं शिकलेली, दोन्हीकडची तावातावानं बोलणारी. शेवटी मधला रस्ता निघाला. शिक्षा ठरवायची वेळ आली की गेलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या नातलगानं कोर्टात साक्ष द्यायची. बोलून नाही, झोपून. जागेपणी माणूस नाटक करतो, वकील पढवून आणतात. झोपेत कोण पढवणार? साक्षीदाराच्या डोक्यावर एक टोपी बसवतात. स्वप्न पडताना मेंदूच्या कोणत्या भागात किती खळबळ झाली ते ती टिपते. शेजारच्या खोलीत तीन न्यायाधीश तसल्याच टोप्या घालून बसलेले असतात, आणि आवाजाच्या अगदी बारीक लहरींनी तीच खळबळ त्यांच्या मेंदूत उठवली जाते. चित्र दिसत नाही, शब्द ऐकू येत नाही, फक्त वाटतं. साक्षीदाराला जे वाटलं, तेच आणि तेवढंच. ह्याला वेदनासाक्ष म्हणतात.

कायदा छान होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. आपल्या कोर्टात तारखा पडतात.

मला हे डॉक्टर केतकी साठ्यांनी समजावलं. कोर्टाच्या साक्षकेंद्रात त्या बसतात. पुण्याच्या आहेत, बोलणं मऊ, पण मुद्द्याचं. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा ह्यांचा दहावा होऊन आठवडाही झाला नव्हता. तेव्हा त्या काय बोलल्या त्यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. भावजींनी सही कर म्हटलं, मी केली, आणि रोजची एक गोळी सुरू झाली. नीट विचारायला गेले ती अगदी ह्या वर्षी, सुनावणीची तारीख लागली तेव्हा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "अख्ख्या गावाच्या स्वप्नात माझा नवरा फिरतोय. बायकोच्याच स्वप्नात यायला त्याला काय धाड भरली?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "गोळी रोज घेताय ना?"

"चुकवत नाही. भावजी समोर उभे राहून देतात."

"मग ते येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाही सांगितलं होतं, पण तुम्ही ऐकायच्या अवस्थेत नव्हतात. आता ऐका. माणूस झोपला की मेंदू आठवणी परत चाळतो. आपण घाबरलो, भडकलो की नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचं एक रसायन उसळतं, त्यानं काळीज धडधडतं. स्वप्नाच्या झोपेत मेंदूमध्ये हे रसायन जवळजवळ बंद असतं. म्हणजे वाईट आठवण येते, पण धडधड न घेता येते. असं कितीतरी रात्री होत राहतं. आठवण तीच राहते, तिची धार जाते. लोक म्हणतात दिवस गेले की माणूस सावरतो. दिवसांनी नाही हो, रात्रींनी सावरतो."

"आणि ही गोळी?"

"ही ते रसायन झोपेतही चालू ठेवते. खटले वर्षानुवर्षं चालतात. साक्षीची वेळ येईपर्यंत नातलगाचं दुःख निम्मं होऊन जातं, मग आरोपीचा फायदा होतो, अशी ओरड झाली. म्हणून ही साक्ष-जतनाची गोळी निघाली. दुःख पहिल्या दिवसाइतकं ताजं राहतं. पण मग स्वप्नं नीट विणली जात नाहीत, तुटतात. जे येतं ते त्याच एका दिवसाचं येतं."

खरं होतं ते. रोज पहाटे मला एकच दिसायचं. ह्यांची एक चप्पल, ओल्या मातीत उलटी पडलेली. बाकी काही नाही, ना चेहरा, ना आवाज. आणि रोज पहाटे मी आजच विधवा झाल्यासारखी उठायचे. शेजारच्या गल्लीत बारसं झालं, गिरणीला नवी मोटर बसली, निकमांच्या त्या मोडलेल्या लग्नातली पोरगी ज्वारी घेऊन माझं दार टाळून पार स्टँडजवळच्या गिरणीत जायला लागली. सगळं माझ्यासमोर झालं, पण काचेपलीकडे. माझ्या अंगणात तोच एक दिवस, वाळायचं नाव नाही.

"म्हणजे वॉल्व्ह बंदच होऊ द्यायचा नाही," मी म्हटलं.

"तसंच म्हणा."

"आणि मी गोळी थांबवली तर?"

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "तुमचा हक्क आहे. कायद्यानं सक्ती नाही. थांबवलीत तर अडलेली स्वप्नं एकदम येतील, लोंढ्यानं. त्यात ते येतील की नाही, कधी येतील, मी सांगू शकत नाही. पण दुःखाची धार जाईल हे नक्की. आणि सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. सरकारी वकिलांना विचारून ठरवा."

सरकारी वकील इनामदार. त्यांना फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच. "वहिनी, भलतं काही करू नका! तुमची साक्ष हाच आपला हुकमी पत्ता आहे. मागच्या तारखेला घेतलेली चाचणी बघितलीय मी. कोणताही न्यायाधीश ती टोपी घालून फाशीशिवाय बाहेर येणार नाही. महिनाभर कळ काढा, मग काय झोपायचंय ते झोपा."

मला एकदम राग आला. माझं दुःख हा माणूस कुस्तीच्या गड्यासारखं तालमीत पोसत होता.

संध्याकाळी भावजी नेहमीसारखे तांब्याभर पाणी आणि गोळी घेऊन दारात उभे. तानाजी चौगुले, माझे थोरले दीर. एके काळचे पैलवान, लग्न केलं नाही, कान मोडलेले, बोलणं तुटक. वाईट माणूस नव्हे, उलट भावाच्या मागे ते निम्मे झाले होते. गोळी त्यांच्या तळहातावर इतकी बारीक दिसायची की वाटायचं, एवढ्या मोठ्या हाताला एवढंसं काम का लावलंय.

"भावजी, मी नाही घेणार आजपासून," मी म्हटलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "कावळा आठवतोय ना?"

आठवत कसा नाही? आमच्याकडे दहाव्याला बायकाही ओढ्यावर जातात. पिंड ठेवला, सगळे बाजूला झाले. कावळे समोरच्या बाभळीवर येऊन बसलेले, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. लोक एकेक करून पिंडाला हात जोडून सांगायला लागले, घर सांभाळू, आईला बघू, गिरणी बंद पडू देणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी भावजी पुढे झाले, दंड थोपटावा तशी छातीवर थाप मारली आणि ओढाभर ऐकू जाईल असं ओरडले, "हणमा, तुला मारणाऱ्याला फासावर चढवीन, तवाच हा तानाजी गप बसंल!" आणि त्याच क्षणी एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. अख्ख्या भावकीच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून गावात कुणी विचारायलाच नको, हणमंताची इच्छा काय होती ते. कावळ्यानं सांगितलं होतं.

"त्याचा जीव अडकलाय त्यात," भावजी म्हणाले. "त्यो तुझ्या स्वप्नात येत न्हाई ते गोळीनं न्हवं, सारिका. काम हुईपतुर येणार न्हाई त्यो."

"मग गावाच्या स्वप्नात कशाला येतात? पाणीपट्टी वसूल करायला?"

"चेष्टा करू नगंस!"

"चेष्टा मी करतेय? चार वर्षं मी रोज सकाळी मरतेय भावजी! तुम्ही मला त्यांच्या नावानं जिवंत ठेवलंय का त्यांच्यासारखं मारून ठेवलंय, तेवढं तरी सांगा!"

आमचा आवाज चढला तशी आतून आत्यांनी हाक मारली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. भिंत धरत धरत त्या चौकटीपाशी आल्या आणि खालीच बसल्या.

"तान्या," त्या म्हणाल्या, "कावळा तुझ्या बोलण्याला आला न्हवता."

भावजी वळले. "म्हंजे?"

"तवा मी बी बोलले हुते. पिंडाच्या मागच्या अंगाला बसलेली मी, तुला काय दिसतंय? तू वरडायच्या आदी माजं बोलून झालं हुतं आन् कावळ्यानं पंख पसरलं हुतं. तुज्या वरडण्यानं त्यो दचकला नसंल तर नवल."

"काय बोललीस तू?"

आत्या माझ्याकडे बघत होत्या. "हणमा रोज पहाटं हिला म्हणायचा, तू झोप. माज्या कानांनी ऐकलंय मी, भिंतीपल्याड. ही मेली कधी ऐकायची न्हाई. मी म्हणलं, हणमा, तिची झोपमोड हुऊ देत न्हाई मी. तू जा बाबा निवांत. आन् कावळा आला."

मला हसू यावं का रडू, कळेना. माझे हात पिठाचे होते, तेच तोंडावर घेतले.

भावजी म्हणाले, "आई, तू खोटं बोलतीस. हिच्यासाठी बोलतीस."

"मग कावळ्याला इचार जा!" आत्या भडकल्या. "चार वरसं त्वांड मिटून बसले. म्हणलं, पोरगा यवढा इरेला पेटलाय, त्याचं दुःख त्यालाच. आन् हितं सून रोज सकाळी कण्हत उठती ते मी ऐकत पडले हुते. कबूल करून आले मी लेकाजवळ, आन् मीच तिची झोपमोड केली. आता ती गोळी दे हिकडं."

भावजींनी तळहात पुढे केला. आत्यांनी गोळी उचलली आणि चुलीशेजारच्या राखेत टाकून दिली. भावजी तसेच बाहेर गेले आणि त्यानंतर सुनावणीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आत्या खरं बोलल्या की खोटं, मी कधी विचारलं नाही. अजूनही विचारणार नाही.

गोळी थांबली आणि स्वप्नं आली, पण कसली! माझी शाळा, मेलेली म्हैस, गिरणीतून पिठाऐवजी पडणारे पेढे, माझी आई आणि न ओळखता येणारा कुणीतरी म्हातारा पत्ते खेळतायत. दोघंही लबाडी करतायत. लोंढाच तो. मी सकाळी उठून आठवायचे, ह्यांचा वास तरी होता का कुठे? नव्हता.

आणि दुसरीकडे धार जायला लागली. एका सकाळी मी चहा घेतला, भाकऱ्या टाकल्या, गिरणी उघडली आणि मग माझ्या लक्षात आलं, आज चप्पल आठवलीच नाही. मी घाबरले हो. खरंच घाबरले. चार वर्षं त्यांचं म्हणून माझ्याजवळ ते एक दुःखच होतं. ते गेलं आणि माणूसही आला नाही, तर माझ्याकडे राहणार काय? दुपारी डॉक्टरांना फोन करून म्हटलं, "मला ती गोळी परत द्या." त्या म्हणाल्या, "देते. पण आजची झोप घेऊन उद्या मागा." दुसऱ्या दिवशी मी परत मागितली नाही. का ते सांगता येत नाही. कदाचित नुसता हट्ट. ह्यांनी बोलावूनही न येण्याचा हट्ट धरला, तर मीही चौगुल्यांचीच सून आहे.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात मी मोठं नवल बघितलं. कोर्टाची वेळ अकरा ते पाच, त्यामुळे साक्षीदारानं झोपायचं तेही कचेरीच्या वेळेत. आदल्या रात्री जागरण करून या म्हणून नोटीस असते. मी आणि आत्या रात्रभर शेंगा फोडत बसलो होतो. शिपायानं नाव पुकारलं, "सारिका हणमंत चौगुले, झोपायला हजर?" आणि मी हजर म्हटलं. उत्तम निकम पिंजऱ्यात उभा होता, केस पांढरे झालेले. मी त्याच्याकडे बघितलं आणि तसाच राग भडकला. बरं वाटलं मला. म्हटलं, हा तरी शिल्लक आहे.

इनामदारांनी दारात गाठून विचारलं, "गोळी चालू आहे ना?" मी म्हटलं, "नाही." त्यांचा चेहरा असा झाला की आज झोपायची गरज त्यांनाच जास्त होती. भावजी बाकावर मागे बसले होते, खाली बघत.

खोली थंड होती, पडदे निळे. डॉक्टरांनी टोपी बसवली, कपाळावरचे केस मागे सारले. "काही आठवायचा प्रयत्न करू नका," त्या म्हणाल्या. मी कुठला प्रयत्न करतेय! जागरणानं डोळे तसेच मिटले.

मी आमच्या गल्लीत उभी होते. पहाट होती, पण उजेड पिठासारखा पांढरा, सगळ्यावर बारीक बसलेला. आधी आवाज आला. फुर्रर्र. हवा. मी म्हटलं, घागर! घागर कुठाय! आणि वळून बघते तर हे. चावी खांद्यावर, बनियन उलटी घातलेली, दाढी वाढलेली. मरून चार वर्षं झाल्याचं दोघांनाही माहीत होतं आणि त्याचं काहीच विशेष नव्हतं.

"एवढा उशीर?" मी म्हटलं.

"अख्ख्या गावाला पाणी द्यायचं असतं गं," हे म्हणाले. "आपली गल्ली शेवटची."

मला इतका आनंद झाला की तो सांगायला माझ्याकडे शब्द नाही. मी रडत होते, हसत होते, त्यांची बनियन सरळ करत होते. ते चावी फिरवत होते आणि पाणी येत होतं, स्वच्छ, गोड, गटारीतून नाही, रस्त्यावरून, पायांवरून. लोक रांगेत. घागरी, कळश्या, बादल्या. आणि रांगेत शेवटी उत्तम निकम. हातात बादली, अंगावर लग्नातला नवा सदरा.

मी ओरडले. "त्याला नाही! त्याला थेंब द्यायचा नाही!"

ह्यांनी बादली घेतली आणि नळाखाली धरली.

"अहो, ऐकू येत नाही का? त्यानं मारलंय तुम्हाला! ह्याच चावीनं!"

"आज त्याच्या गल्लीची पाळी आहे," हे म्हणाले. जसे रोज म्हणायचे तसे, ना प्रेमानं, ना रागानं. पाळी म्हणजे पाळी.

मी भांडले. काय काय बोलले! एवढं मी ते जिवंत असताना त्यांना कधी बोलले नसेन. तुम्हाला बायकोची पर्वा नाही, गावाची आहे. तुम्ही चांगले म्हणवून घ्यायला गेलात आणि मला टाकून गेलात. त्यांनी बादली भरली, उत्तमच्या हातात दिली, आणि मग माझ्याकडे वळून दमलेल्या आवाजात म्हणाले, "झाली सगळी गल्ली. आता तू झोप गं."

आणि मी झोपले. स्वप्नातच झोपले. पाण्याचा आवाज येत होता.

उठवलं तेव्हा दुपार उतरली होती. डॉक्टर साठ्ये पाठ करून उभ्या होत्या, टोपीच्या तारा गुंडाळत. मी काय झालं विचारल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चला, पीठ बसलंय." मला क्षणभर माझी गिरणीच आठवली, मग कळलं, न्यायाधीशांचं पीठ.

तिघं बसले होते. मधल्या बाई वयस्क होत्या, डोळे लाल. त्यांनी कागद बाजूला सारला आणि मलाच विचारलं, "चौगुलेबाई, जे जाणवलं त्याबद्दल एक खुलासा हवाय. बराच वेळ आम्हाला फार मोठा आनंद जाणवला. आम्ही गोंधळलो. मग एकदम प्रचंड राग. तो आरोपीवरचा होता का?"

"होता," मी म्हटलं. "पण बोलले नवऱ्याला."

कोर्टात खसखस पिकली. बाईंनी हात वर केला. "का?"

"ते आरोपीला पाणी देत होते, बाईसाहेब. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही."

आता कुणी हसलं नाही. मागे बाक करकरला. भावजी उभे राहिले होते.

"आणि तुमचं काय म्हणणं आहे?" बाईंनी विचारलं. "आरोपीला काय मिळावं?"

मी पिंजऱ्याकडे बघितलं. उत्तम रडत होता. त्याच्या रडण्याचं मला काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

"मी त्याला माफ केलेलं नाही," मी म्हटलं. "करेन असं वाटत नाही. मला विचाराल तर मी त्याला थेंब देणार नाही. म्हणून तर मला विचारू नका. माझा राग तुम्ही टोपी घालून बघितला, बरं झालं, कुणीतरी बघायला हवाच होता. पण पाणी सोडायचं काम ज्याचं असतं ना, त्यानं राग माहीत असूनही पाळी बघायची असते. आमचे हे तेच करत होते म्हणून गेले. तुमचं काम तुम्ही करा."

निकाल संध्याकाळी लागला. जन्मठेप. निकालपत्रात त्यांनी लिहिलं, साक्षीदाराचं दुःख खोल आहे, जिवंत आहे आणि त्याचं वजन आम्ही धरलं आहे. पण दुःख मोजणं वेगळं आणि त्याच्या हुकमानं चालणं वेगळं. इनामदारांनी फाईल आपटली. भावजी कोर्टाच्या पायरीवर माझ्यासाठी थांबले होते, एवढं मात्र खरं.

गाडीत ते बाहेर बघत म्हणाले, "कसा दिसत हुता?"

"बनियन उलटी घातलेली," मी म्हटलं.

भावजींनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. "लहानपणापासनं उलटीच घालायचा," ते म्हणाले. "कितींदा मारलंय मी त्याला त्यावरनं." पैलवानाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. पिंडाजवळसुद्धा ते रडले नव्हते.

त्या रात्री मी आडवी झाले ती पाठ टेकताच झोपले. काही दिसलं नाही, काही आलं नाही, नुसती गाढ, काळी, गार झोप. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पायावर आलं होतं. नळाला पाणी येऊन गेलं होतं, आणि घागरी कुणीतरी भरून ठेवल्या होत्या. भावजींच्या पायाचे ओले ठसे फरशीवर होते.

मी तशीच उठून मागच्या दारी गेले. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. हातात कालच्या भाकरीचा तुकडा, भिंतीवर एक कावळा. त्यांनी मला बघितलं नाही. तुकडा भिंतीवर ठेवला आणि कावळ्याला हळूच म्हणाल्या, "झोपली बाबा ती. सांग त्याला."